यंत्र बदलताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीची नियमित मोफत देखभाल थांबविली. सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारी यंत्रे कॉलेजात वापरणे धोक्याचे. तेव्हा ग्रंथालयापासून कार्यालयापर्यंत सर्वत्र प्रणाली बदलायला हवी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो कशी आणि केव्हा, हा.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी संगणक नाही. संगणक-कक्ष आठवडाभर बंद राहिला तर कोणाचे अडते, ते मला विचारा! म्हणून हे काम परीक्षा-अर्जांच्या दिवसांत नको, सुट्टीत व्हावे. तेही एकेका खोलीचे. आधी दोन-चार यंत्रांवर करून पाहावे. जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवावी. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेले मराठी, तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल तर वाचताही येत नाही.

‘विंडोज ११’ न चालणारी जुनी यंत्रे भंगारात काढण्याची घाई कशाला? सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्सवरील मोफत प्रणाली त्यांवर चालते का, ते तरी पाहावे. टंकलेखनापुरती यंत्रे वाचली तरी पुष्कळ झाले.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून याच कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. शाळा उघडली म्हणजे शिक्षण पोचले, असे त्यांनी मानले नाही. खेड्यातला मुलगा राहणार कुठे, हेही पाहिले. नव्या प्रणालीची आखणीही अशीच व्हावी. ज्याला दुसरे यंत्र नाही, त्याचा विचार आधी व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.