जुन्या संगणकातील पावरी

सुरगाण्याच्या डोंगराळ पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू झाला, की पावरी घुमू लागते. वाळवलेला भोपळा आणि पोकळ नळ्या मेणाने सांधून केलेले हे वाद्य. ते वाजविणारा वृद्ध कलावंत गेला, की त्याच्या हातची चाल ध्वनिमुद्रणात असेल तेवढीच उरते.

असे ध्वनिमुद्रण करावयास महागडा नवा संगणकच हवा, हा समज मात्र खरा नव्हे. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. एका माइकच्या मिनिटभर मुद्रणास सुमारे ५ एमबी जागा लागते. विंडोज एक्सपीच्या काळातील यंत्रही एवढे ओझे सहज पेलते. कूल एडिट प्रो हे त्याच काळातील सॉफ्टवेअर. अ‍ॅडोबीने ते २००३ मध्ये विकत घेतले आणि पुढे ते ऑडिशन या नावाने बाजारात आले. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये थांबली. म्हणून असे यंत्र इंटरनेटला न जोडलेलेच बरे. तसे ठेवल्यास ते मुकाट्याने काम करीत राहते. नव्या यंत्रांना हा गुण क्वचितच साधतो!

खरा धोका यंत्राच्या वेगात नाही, फाइलींच्या स्वरूपात आहे. ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरचेच पाहावे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत प्रकल्पाची फाइल अगदी लहान असे. प्रत्यक्ष ध्वनी शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राही. घाईने लहान फाइल तेवढी पेनड्राइव्हवर घेतली, तर घरी पोहोचते ते केवळ मौन. मार्च २०२१ मधील ३.० या आवृत्तीपासून सारे एकाच फाइलीत येऊ लागले. ही नवी आवृत्ती जुना प्रकल्प उघडते. पण तो फोल्डरच हरवला असेल, तर तीही काय करणार?

यासाठी यंत्र चालू आहे तोवरच प्रत्येक ट्रॅक, आरंभबिंदू एकच ठेवून, स्वतंत्र वेव्ह फाइलीत उतरवावा. पावरीचा वेगळा, गायकाचा वेगळा. घुमारा वा अन्य संस्कार न केलेली मूळ प्रतही राखावी, कारण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा जतन केलेला बदल मागे घेता येत नाही. फाइलीच्या नावात गाव, वादक आणि तारीख लिहावी, आणि एक प्रत वादकाच्या घरी द्यावी.