बगलेवरच्या खेळाडूचे मोल

चेंडू जाळ्यात गेला म्हणजे ज्याचे नाव पुकारले जाते तोच काय तो खेळाडू, बाकीचे दहा जण केवळ संख्या भरण्यापुरते, अशी आपल्या फुटबॉलशौकिनांची एक जुनी समजूत आहे. लालियानझुआला छांगटे याच्याविषयी या शहरात जे बोलले जाते ते याच समजुतीतून. दोन गोल केले की तो देशातला अव्वल खेळाडू. चार सामने कोरडे गेले की त्याचा काळ संपला! ही दोन्ही मते सारखीच उतावळी आहेत.

छांगटे हा डावखुऱ्या पायाचा असून उजव्या बगलेवरून खेळतो. म्हणजे रेषेपर्यंत धावत जाऊन चेंडू आत टोलवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. आत वळून गोलाचा वेध घेणे हे त्याचे काम. समोरच्या बचावपटूची त्यामुळे मोठी पंचाईत होते. अंगावर जावे तर हा त्याला मागे टाकून बाहेरून निसटतो, अंतर राखावे तर आत वळतो. मग मदतीला दुसरा गडी धावतो आणि मैदानाच्या मध्यभागी जागा मोकळी होते. तीत शिरून दुसराच कोणी गोल करतो. हिशेबाच्या वहीत या मोकळ्या झालेल्या जागेची नोंद कुठेच होत नाही. परंतु प्रतिपक्षाच्या शिक्षकाला ती पक्की ठाऊक असते.

मुळचा मिझोरमचा हा तरुण पुण्याच्या डी. एस. के. शिवाजियन्सकडे असतानाच, २०१५ च्या डिसेंबरात, सॅफ स्पर्धेत नेपाळविरुद्ध दोन गोल करून गेला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. जानेवारी २०२२ मध्ये तो मुंबई सिटीत आला. २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्याने १० गोल केले आणि मुंबईने लीग शील्ड जिंकली. पण आम्हांला त्याची खरी पारख झाली ती २४ एप्रिल २०२४ रोजी, फातोर्ड्यावर. ऐंशी मिनिटे उलटून गेली तरी गोवा दोन गोलांनी पुढे होता. नव्वदीच्या उंबरठ्यावर मुंबईने तीन गोल चढवले. त्यांतले दोन छांगटेचे. गोव्याच्या एप्रिलातल्या उकाड्यात बचावपटूंच्या पायांतले बळ सरले असताना हा मात्र धावतच होता.

दोष नाहीत असे नाही. गोलासमोर तो घाई करतो, आणि डाव्या पायावरची त्याची भिस्त आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. त्यातून जून १९९७ चा जन्म. लांब पल्ल्याची धाव ही ज्याची पुंजी, त्याला तिशीनंतर ती पुरवून वापरावी लागते. स्टॅनले मॅथ्यूजने १९५६ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला बहुमान मिळवला आणि पन्नाशी ओलांडून पाच दिवस झाल्यावरही तो इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत खेळला. त्याचे बळ हुलकावणीत आणि पहिल्या चार पावलांत होते. छांगटेने ही विद्या आताच हस्तगत केली पाहिजे, आणि संघचालकांनी त्याला बगलेवरून थोडे आत खेळवून बाहेरची धाव मागच्या तरुण बचावपटूवर सोपवली पाहिजे. असे झाले तर तो आणखी चार-पाच वर्षे संघाला उपयोगी पडेल, अशी आमची खात्री आहे.

मात्र त्यासाठी सामने तर झाले पाहिजेत! २०२५ साली संघटना आणि व्यापारी भागीदार यांच्यातील कराराच्या घोळात लीगचा हंगामच लांबणीवर पडला. पदाधिकाऱ्यांना त्या महिन्यांची भरपाई पुढच्या बैठकीत करता येते; अठ्ठाविशीतल्या विंगरला ती कोठून करता येणार?