‘गरमीमुळे बिघाड’ म्हणत लॅपटॉपची वॉरंटी नाकारली? ऊन आपलं, पण दोष कुणाचा?

तापीकाठी मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, ही काही बातमी नाही. जळगाव, भुसावळ, रावेर, बुऱ्हाणपूर हा सगळा पट्टा दरवर्षी हेच सोसतो. पण याच दिवसांत लॅपटॉप बंद पडला आणि सर्व्हिस सेंटरवर नेला, की जॉबशीटवर शेरा पडतो: ‘ओव्हरहीटिंग, वॉरंटीत बसत नाही’. काउंटरवर याला ‘सीआयडी’ म्हणतात. टीव्हीवरची नव्हे. कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज, म्हणजे नुकसान ग्राहकानेच केलं. मग मदरबोर्डचं हजारो रुपयांचं एस्टिमेट हातात येतं.

या शेऱ्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. मशीन गरम झालं, ही एक. ते ग्राहकाच्या चुकीने गरम झालं, ही दुसरी. पहिली खरी असली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. भांडायचं ते नेमकं इथे.

आजचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद होतं. ही सोय कंपनीनेच दिलेली असते. ती असूनही बोर्ड जळला, तर फॅन बंद पडला होता का, हीटसिंक नीट बसलेला होता का, हे उघडून पाहावं लागतं. हेही खरं, की पॉवरलूमच्या वस्तीत सुताची धूळ जाळीत अडकून हवा कोंडते. लॅपटॉप गादीवर ठेवून तासन्‌तास चालवला तरी तेच होतं. तसं असेल तर कंपनीची बाजू बळकट होते. पण ते कंपनीने दाखवावं, नुसतं म्हणू नये.

‘गरमी’च्या आड खरा दोष लपू शकतो, याचं मोठं उदाहरण आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप वाजवीपेक्षा जास्त निकामी होत असल्याचं जाहीर केलं आणि वॉरंटीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. कारणांत चिपच्या जोडणीतलं कमकुवत साहित्य होतं, लॅपटॉपची उष्णता बाहेर टाकण्याची रचना होती, आणि ‘ग्राहकांची वापरण्याची पद्धत’ही होती. पुढे अमेरिकेत सामूहिक दावा झाला, २०१० मध्ये तडजोड झाली आणि डेल, एचपी, ॲपलच्या ठरावीक मॉडेलच्या ग्राहकांना दुरुस्ती किंवा बदली मशीन मिळालं.

आता कंपनीचा नेहमीचा मुद्दा. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरण्याचं तापमान कमाल ३५ अंश लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत मशीन सुरू करणं हीच चूक! पण दुकानात हे कुणी सांगतं का? मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये विक्रीयोग्य दर्जाची आणि ग्राहकाने सांगितलेल्या कामासाठी योग्यतेची गर्भित अट आहे. चाळिशीपार जाणाऱ्या गावात वस्तू विकायची आणि नंतर उन्हाळ्याकडे बोट दाखवायचं, हे या अटीत बसत नाही, असा युक्तिवाद नक्की करता येतो.

मात्र नुसत्या युक्तिवादावर निकाल लागत नाही. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ३८ महत्त्वाचं. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाची मुदत ४५ दिवस. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात.

सीमेवरच्या लोकांसाठी सर्वांत मोठा बदल कलम ३४ मध्ये आहे. जुन्या १९८६ च्या कायद्यात दुकानदार-कंपनी जिथे, किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं, तिथेच जावं लागायचं. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार चालते. लॅपटॉप जळगावात घेतला आणि घर बुऱ्हाणपुरात असेल, तर जळगावच्या तारखांना जायची गरज नाही. ऑनलाइन खरेदीलाही हेच लागू. तिकडे ‘ग्राहक’, इकडे ‘उपभोक्ता’, पाटी बदलते, कायदा तोच.

तक्रार करताना काही गोष्टी सांभाळाव्यात. नकाराचं कारण ईमेलवर किंवा जॉबशीटवर लेखी मागा, कोणता भाग कशामुळे गेला हेही विचारा. तोवर मशीन बाहेर उघडू देऊ नका. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डीलरच्या चुकीसाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नव्हतं. वॉरंटीत भाग बदलून देण्याचं वचन असेल तर आधी तेच मागा. थेट नव्या मशीनचा हट्ट टिकेलच असं नाही. बिल पेढीच्या नावावर असेल तर ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप येतो. स्वयंरोजगारासाठी घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करता येते. तिथे जमलं नाही तर ‘ई-जागृती’ पोर्टलवर तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची.

‘एवढ्यासाठी कोण कोर्टात जाणार?’ या विचारावरच असे बरेच नकार खपून जातात. फी नाही आणि आयोग आपल्याच जिल्ह्यात, हे माहीत असेल तर तो हिशेब बदलतो. निदान लेखी कारण मागितल्याशिवाय एस्टिमेटवर सही करू नका.