चालावे, पण कोठे?

आम्हां डॉक्टर मंडळींच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ हमखास असते : ‘रोज अर्धा तास चालणे’. कोरगावातील माझ्या दवाखान्यात एका वयस्कर बाईंनी ती ओळ वाचून घेतली आणि शांतपणे विचारले, ‘‘डॉक्टर, पूण चलपाचें खंय?’’ मी हसून वेळ मारून नेली. पुढे काही महिन्यांनी माझ्याच रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला, तेव्हा तो प्रश्न मला स्वतःलाच विचारावा लागला.

उत्तर शोधायचे म्हणून जानेवारीतील एका रविवारी आम्ही चौघे समव्यवसायी मित्र श्रीकमळेश्वराला हात जोडून सायकलींवर हरमलच्या दिशेने निघालो. कापणी उरकलेल्या शेतांवर धुके होते, माडांतून कोवळे ऊन उतरत होते. किती वर्षांनी आपले गाव इतक्या सावकाश पाहिले, असे वाटून गेले. हा आनंद पहिल्या अवघड वळणापर्यंत टिकला. मागून भरधाव आलेल्या एका मोटारीने इतक्या जवळून ओलांडले, की मी तोल जाऊन गटारात पडलो. गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावले. मात्र उठून पाहतो तो रस्त्याच्या कडेला पाऊल ठेवायलाही जागा नव्हती. त्या बाई इथे कशा चालणार?

हरमलला सायकली ठेवून, डोंगराच्या कडेने खडकाळ वाट तुडवीत आम्ही गोड्या पाण्याच्या तळ्याशी पोहोचलो. निसर्गाची ही एक नवलाई आहे. एका बाजूला अथांग खारे पाणी आणि वाळूच्या अरुंद पट्ट्याच्या पलीकडे, झाडीने वेढलेले हिरवे, गोडे, निवांत पाणी. डोंगरातून येणारा ओहोळ या तळ्याला पाणी पुरवतो. आम्ही वाळूवरून, मग काठाकाठाने आणि पुढे ओहोळाच्या वाटेने झाडीत शिरलो. वाहन येथे येऊच शकत नाही, म्हणून तळ्याची शांतता टिकली आहे. काठावरच्या रिकाम्या बाटल्या मात्र मन खिन्न करणाऱ्या होत्या. दोन तास चाललो, पण व्यायाम केल्यासारखे कोणालाच वाटले नाही. चालण्याजोगी जागा मिळाली, की चालण्याचा उपदेश करावा लागत नाही, हे त्या दिवशी पटले.

हा प्रश्न केवळ सहलीच्या हौसेचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी चालणे आणि आहार यांत सुधारणा केली, तर पुढे मधुमेह जडण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटतो, असे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासाने २००६ मध्येच दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. औषध ठाऊक आहे, मात्रा ठाऊक आहे; ते घ्यायला जागा तेवढी नाही.

आपल्या वाडवडिलांना वेगळे चालावे लागत नसे. शेत, बाजार, देऊळ, शाळा हे सारे पायांखालचे होते. आज आपण कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जातो आणि मग आळसाला दोष देतो. दोष थोडा आळसाचा आहेही. परंतु रस्ता वाहनांसाठीच आखायचा आणि पायी चालणाऱ्याला आळशी म्हणायचे, हा न्याय नव्हे. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. आपल्या पेडणे तालुक्यात वर्दळ आणखी वाढणार, हे उघड आहे. विकासाला माझा विरोध नाही. रस्ता रुंद करताना त्याच्या कडेला माणसासाठी चार फूट राखून ठेवावेत, शेतांतले बांध आणि पायवाटा बुजू देऊ नयेत, हरमलच्या तळ्यासारखी ठिकाणे केवळ पादचाऱ्यांचीच राहावीत, एवढेच मागणे आहे. हे मागणे डॉक्टरांनी करायला हवे, कारण त्याच्या अभावाचे परिणाम आपल्याच दवाखान्यात येऊन बसतात.

परवा त्या बाई पुन्हा आल्या. रस्ता सोडून शेतातल्या बांधाने देवळापर्यंत चाला, असे मी त्यांना सुचवले. त्या म्हणाल्या, बांध मध्येच खचला आहे, पावसाळ्यापासून तिथून कोणी जात नाही. यावर लिहून देण्याजोगे औषध माझ्यापाशी नव्हते. त्या बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज मात्र मी लिहिला असून येत्या ग्रामसभेत तो स्वतः मांडणार आहे. माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींनीही आपापल्या गावातील असा एखादा खचलेला बांध शोधून काढावा, ही नम्र विनंती.