देव दिसतो की दिसत नाही?

वऱ्हाडात पारावर पोथी लागली की कोणीतरी हमखास विचारतो, "मंग देव दिसते का नाही दिसत, बाप्पा?" प्रश्न खोडसाळ वाटतो, पण तो शास्त्रांनीच ओढवून घेतलेला आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य पत्नी मैत्रेयीला सांगतात, आत्मा पाहायला हवा. तेच याज्ञवल्क्य जनकाच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्या उषस्ताला बजावतात, पाहणाऱ्याला तू पाहू शकणार नाहीस. ख्रिस्ती-यहुदी परंपरेतही हेच. निर्गम ग्रंथाच्या ३३व्या अध्यायात मोशे देवाशी समोरासमोर बोलतो आणि काही ओळींनंतर त्यालाच सांगितलं जातं की माझं मुख पाहून कोणी जिवंत राहत नाही.

अकोल्यात श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालणाऱ्यांचं यात काही अडत नाही. अडतं ते पोथी ऐकणाऱ्यांचं. त्यांना मिळणारं ठरीव उत्तर म्हणजे 'अधिकारभेद, दोन्ही खरं'. हे उत्तर चूक नाही, पण बहुतेक वेळा ते आळसातून येतं. उषस्ताने काय मागितलं होतं ते आधी वाचावं. ही गाय, हा घोडा असं बोट दाखवतात, तसं ब्रह्म दाखवा, असा त्याचा हट्ट. मैत्रेयीने मात्र नवऱ्याची संपत्ती नाकारून अमृतत्वाचा मार्ग विचारला होता. तिला 'पाहा' म्हणताना याज्ञवल्क्यांनी श्रवण, मनन, निदिध्यासनही सोबत दिलं. विचारणारे वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी.

असा समन्वय करण्यात ज्यांनी आयुष्य घातलं ते आपल्याच वऱ्हाडातले, चांदूर बाजारजवळच्या माधानचे गुलाबराव महाराज. जन्म १८८१चा, दृष्टी गेली तान्हेपणी. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी अद्वैत आणि भक्ती यांची सांगड घातली, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या आणि कृष्णपत्नी मानलं आणि १९१५ साली, वयाच्या ३४व्या वर्षी देह ठेवला. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. डोळ्यांनी देव दिसतो का, हा वाद त्यांच्यापुढे घालणंच फजूल होतं.

तरी सगळंच जुळवता येतं, असं मला वाटत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, हे रूप तुझ्याआधी कोणी पाहिलेलं नाही. पण उद्योगपर्वात, युद्धाच्या आधीच, कौरवांच्या सभेत त्याने विराट रूप दाखवलेलं आहे. भीष्म, द्रोण, विदुर, संजय यांनी ते पाहिलं. ती रूपं निराळी, असं म्हणून वाट काढता येते. मला ती वाट ओढूनताणून काढलेली वाटते. गाठ आहे तर राहू द्यावी.

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथीयांनी तेच केलं. तिथले गोविंदप्रभू त्यांच्या लेखी साक्षात परमेश्वर, पण गावातल्या कित्येकांना ते वेडे वाटत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी पाहणाऱ्यांना गाठून गोविंदप्रभूंच्या लीळा गोळा केल्या. ते स्वतः पंथाचे, श्रद्धाळू. तरी वेडा म्हणणारे गावकरी त्यांनी गाळले नाहीत.