अंगावर पांढरं जातंय?

मीटिंगमध्ये खुर्चीवर धड बसवत नाही आणि उठावं तर सगळे बघणार, अशा अवस्थेत कधी अडकलायत? मी गेल्या जुलैत अडकले होते. घसा धरला म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं. घसा सुटला आणि आठवड्याभरात भलतीकडेच खाज सुरू. जोडीला जळजळ आणि दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव.

आईला फोन केला. 'उष्णता असेल गं, अंगावर जातं बायकांच्या. धण्या-जिऱ्याचं पाणी पी.' मग मीच डॉक्टर झाले! दिवसातून दोनदा इंटिमेट वॉश आणि केमिस्टकडून खाजेचं क्रीम. त्यानं ते आधी कागदात, मग काळ्या पिशवीत असं गुंडाळून दिलं, जणू गावठी कट्टाच. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी दुप्पट.

शेवटी गायनॅक. पहिला प्रश्न, 'लग्न झालंय?' (असो.) पण पुढे बाईंनी छान समजावलं. कॅन्डिडा ही बुरशी आपल्या अंगात असतेच. तिला आवरणारे चांगले जिवाणू अँटिबायोटिकनं मेले, की ती फोफावते. चारातल्या साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी हे होतंच. माझ्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं; त्यानं खाज दबते, बुरशी नाही. वॉशही बंद. बाहेरून साधं पाणी पुरे, आतून काहीच नको.

औषध काय, तर क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या. गिळायच्या नाहीत, रात्री योनीत ठेवायच्या, सहा दिवस. फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडानंही घेता येते, पण गरोदरपणात ती नको. आणि हो, क्लोट्रिमाझोलनं कंडोम कमकुवत होतो. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं! तिसऱ्या दिवशी खाज थांबली, तरी कोर्स पूर्ण केला. भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर वाळवणंही सोडलं. स्रावाला माशासारखा वास असेल तर मात्र दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं, त्यामुळे अंदाजपंचे गोळ्या नकोत.

निघताना बाई म्हणाल्या, 'सारखं सारखं झालं तर शुगर तपासा. वाढलेल्या शुगरवर बुरशी पोसते.'

रात्री हे सगळं आईला सांगितलं. तिला अकरा वर्षं डायबेटिस आहे. ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, 'मला दिवाळीपासून होतंय गं. तुझ्या त्या डॉक्टर शनिवारी असतात का?'