शाळेची सकाळ एकट्या आईच्या डोक्यावर का?

जुलै महिना लागला की भंडारा जिल्ह्यात धान रोवणीचे दिवस सुरू होतात. बांधीत पाणी साचलेले असते, पऱ्हे उपटून ठेवलेले असतात आणि मजूर बायांना नेण्यासाठी शेतमालकाचा ट्रॅक्टर सकाळीच वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. हॉर्न वाजतो आणि वस्तीतल्या घराघरांत एकच तारांबळ उडते. भात अजून शिजायचा असतो, नळाला पाणी त्याच वेळी आलेले असते, थोरलीच्या वेणीची फीत सापडत नाही, धाकट्याचे डोळे उघडत नाहीत. आई एका हाताने आपली शिदोरी बांधते आणि दुसऱ्या हाताने पोराच्या पाठीत धपाटा घालते. पोरगा रडत उठतो, आई करवादत निघते. दोघांचाही दिवस तिथेच नासतो. शाळा भरायला मात्र अजून दोन तास बाकी असतात.

हा विषय चळवळीच्या पानावर कशाला, असे आमचे काही मित्र विचारतील. आरक्षण, खासगीकरण, अत्याचार, शिष्यवृत्ती हे प्रश्न समोर असताना पोरांच्या वेणीफणीवर काय लिहायचे? आम्ही म्हणतो, याच वेणीफणीच्या वेळेत आपल्या मुलींची शाळा सुटते. शिका, हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतीभिंतीवर रंगवला आहे. पण शिकायला निघालेले पोर कोणत्या अवस्थेत उंबरठा ओलांडते, पोटात काय घालून आणि मनात काय घेऊन ओलांडते, हे आपण कधी पाहिले आहे काय?

प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांत या विषयावर भरपूर लिहिले जाते. रात्रीच दप्तर भरा, आठवड्याच्या डब्याचे वेळापत्रक भिंतीवर लावा, आईने अर्धा तास आधी उठावे, असे सल्ले पुरवणीच्या पानावर नेहमी येतात. सल्ले वाईट नाहीत. पण ते ज्या घरासाठी लिहिलेले असतात त्या घरात नळ स्वयंपाकघरात असतो, गॅस संपला की दुसरा सिलिंडर तयार असतो आणि वडिलांची चारचाकी दारात उभी असते. शिवाय या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की सकाळ ही आईचीच जबाबदारी. तिने आणखी लवकर उठावे, म्हणजे सगळे सुरळीत होईल. चार वाजता उठणाऱ्या बाईला हा सल्ला देण्याचे धाडस फक्त न उठणाऱ्यालाच होते.

सरकारनेही सकाळीचा विचार केला आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडला. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासन निर्णय निघाला आणि २०२४-२५ या वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत, असे ठरले. निर्णय चांगला आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. परंतु हा निर्णय प्रामुख्याने शहरातल्या सकाळपाळीच्या शाळांसाठी होता. आमच्या खेड्यांतील जिल्हा परिषदेची शाळा आधीपासूनच दहा-साडेदहाला भरते. आमचे दुखणे वेगळे आहे. शहरात शाळा आईच्या कामाआधी भरते, खेड्यात आईचे काम शाळेआधी भरते. आठला आई बांधीत आणि दहाला शाळा. या मधल्या दोन तासांचा मालक कोण?

या दोन तासांची मालकीण असते दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी. ती धाकट्यांना आंघोळ घालते, उरलेला भात वाढते, दाराला कडी लावते. एखादे तान्हे घरी असले तर ती शाळेतच जात नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी पडते आणि गुरुजी पालकांच्या उदासीनतेबद्दल खंत व्यक्त करतात. उदासीनता नव्हे गुरुजी, ती पोर त्या वेळी एका घराची आई झालेली असते!

रोवणी संपली म्हणजे हा घोर संपतो असेही नाही. विडी वळणाऱ्या घरात मजुरी नगावर असते. पोराला समजावून, गोंजारून उठवण्यात अर्धा तास गेला तर तेवढ्या विड्या कमी भरतात. तिथे आईची माया आणि आईची मजुरी एकाच घड्याळाशी भांडतात. मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांत मोहफूल वेचायला माणसे पहाटेच्या अंधारात निघतात, कारण उशीर झाला तर फुले गुरे खातात. आणि नेमक्या त्याच दिवसांत उन्हामुळे शाळा सकाळची होते. मार्च २०२५ मध्ये शिक्षण विभागाने प्राथमिक शाळा सकाळी ७ ते सव्वा अकरा भरवण्याचे परिपत्रक काढले. वैदर्भीय उन्हात दुपारची शाळा नको, हे आम्हालाही पटते. पण सातच्या शाळेला पोर तयार करणारे माणूस त्या वेळी मोहाच्या झाडाखाली असते, हे परिपत्रक काढणाऱ्याला कोण सांगणार? घड्याळ ठरवताना मजूर आईला कुणी विचारत नाही, हे खरे दुखणे आहे.

आता काही बांधव म्हणतील, मग लढा मजुरीसाठी, जमिनीसाठी. पोट भरल्याशिवाय शांत सकाळ कसली? हे म्हणणे अर्धे खरे आहे. परंतु वेळ हाही मजुराचा हक्क आहे, हे बाबासाहेबांनीच शिकवले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ साली कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते सहा तास कुणासाठी होते? माणसाने माणसासारखे घरात बसावे, पोरांशी बोलावे, वाचावे, यासाठीच ना? मग शेतमजूर बाईच्या सकाळीचा अर्धा तास ही क्षुल्लक बाब कशी ठरते?

आणि सगळेच सरकारवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आमचा आजचा खरा प्रश्न आमच्याच घरातल्या पुरुषाला आहे. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत असताना, घरात ही तारांबळ उडालेली असताना, बाप कुठे असतो? बऱ्याच घरांत तो चौकातल्या चहाटपरीवर असतो. पेपर वाचत असतो. कदाचित हाच लेख वाचत असेल!

त्या बापाला आम्ही सुभेदार रामजींची आठवण देऊ इच्छितो. परळच्या चाळीतील एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच निजायची जागा, तीच अभ्यासिका. त्या गर्दीत भीमरावाला अभ्यासाला शांतता कुठून मिळणार? चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे, की रामजी मुलाला लवकर निजवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर आपण झोपत. हा निवृत्त सैनिक होता, पैशाने गांजलेला होता, वय झालेले होते. त्याने मुलाला मोठे घर दिले नाही, देऊ शकत नव्हता. त्याने आपली झोप दिली. घटनेच्या शिल्पकाराची पहिली शांत वेळ अशी एका बापाने जागून घडवली. आपण रामजींचे नाव जयंतीच्या भाषणात घेतो, पण आपल्या पोराच्या शाळेची वेळ तरी आपल्याला नक्की ठाऊक असते काय?

तथागतांची शिकवणही हेच सांगते. सिगाल नावाचा तरुण भल्या सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करीत उभा होता. भगवंतांनी त्याला विचारले आणि समजावले, की पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले. दिशांना हात जोडून काही साधत नाही, या माणसांप्रती कर्तव्य करणे हाच खरा नमस्कार. ही देशनाही सकाळीच झाली, हे विसरू नका. आज आपल्यातील कित्येक जण सकाळी प्रतिमेपुढे अगरबत्ती लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि पश्चिम दिशेला घागर घेऊन एकटीच नळावर पाठवतात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप दिले आणि पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये, असे बजावले. त्या मापाने आपल्या घरची सकाळ मोजली तर आकडा काय येईल?

चळवळीलाही थोडे आत्मपरीक्षण करावे लागेल. एप्रिलमध्ये आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच महिन्यात वार्षिक परीक्षा तोंडावर असताना वस्तीत रात्री उशिरापर्यंत डीजे कोण वाजवतो? रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तो पोलिसांच्या भीतीने पाळण्यापेक्षा पोरांच्या झोपेसाठी पाळावा. ज्या मुलाने सहाला उठायचे, त्याला दहा तास झोप हवी असेल तर त्याने रात्री आठला निजले पाहिजे. हा साधा हिशेब आहे. आपल्या घरात आठला टीव्ही सुरू होतो आणि बापाच्या हातातला मोबाईल अकरापर्यंत बंद होत नाही. सकाळचे रडणे आदल्या रात्रीच पेरलेले असते.

मग करायचे काय? पहिले काम घरातले, त्याला एक पैसाही लागत नाही. पाणी भरणे, पोराला उठवणे आणि त्याला खाऊ घालणे, यातली दोन कामे पुरुषाने कायमची आपल्याकडे घ्यावीत. मदत म्हणून नव्हे, आपले काम म्हणून. मुलाला आणि मुलीला सारखेच काम सांगावे. बहिणीने भावाचे दप्तर भरायचे आणि भावाने सायकलवर टांग टाकायची, हा मनुस्मृतीचाच धडा आहे, तो आपल्या घरात नको. दप्तर, कपडे आणि वह्या रात्रीच उशाशी ठेवल्या, तर सकाळी शोधाशोध आणि आरडाओरड दोन्ही वाचतात.

दुसरे काम वस्तीचे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. रोवणीही त्याच सुमारास असते. मग वर्षावासाच्या या दिवसांत विहाराचे कुलूप सकाळीही का उघडू नये? आठ ते दहा या वेळेत मजूर आयांची मुले तिथे बसतील. एखादे सेवानिवृत्त गुरुजी, एखादी आजी, कॉलेजात जाणारा एखादा तरुण पाळीपाळीने लक्ष देईल. वर्गणीतून मूठभर फुटाणे, पोहे, गूळ मिळेल. शाळेतले पोषण आहाराचे जेवण दुपारी असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली आहे, पण ती कागदावरून ताटात येईपर्यंत पोरांनी उपाशी बसायचे काय? दहा मिनिटे आनापान, थोडे वाचन आणि मग सगळी पोरे रांगेने शाळेत. थोरली मुलगीही त्या रांगेत असेल, हे महत्त्वाचे.

तिसरे काम हक्काचे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत, दुर्बल घटकांना प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्या गावच्या समितीत आपली किती माणसे आहेत? सभेला जाणारी बाई खरोखर बोलते, की तिच्या नावाने नवरा सही करतो? रोवणीच्या आणि मोहाच्या दिवसांत शाळेची वेळ काय असावी, शाळेची खोली लवकर उघडावी काय, हे प्रश्न तिथे मांडा. पाचवीनंतर ज्या मुली बाहेरगावी जातात त्यांना एसटीचा मोफत पास आहे, पण गाडीच शाळेच्या वेळेला नसेल तर पास काय चाटायचा? ग्रामसभेचा ठराव करून आगारप्रमुखाकडे द्या, पोच घ्या, महिन्याने पुन्हा जा. २०२१-२२ च्या एसटी संपात खेड्यातल्या मुलींचे काय हाल झाले ते आपण पाहिले आहेत. आणि २०२३ पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे जे घाटत आहे, त्याला विरोध करताना ही सकाळही मोजा. गावातली शाळा चार किलोमीटरवर गेली, तर सकाळचा एक तास पुन्हा त्या मजूर आईच्याच अंगावर पडणार आहे.

१९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. ती खंत जिल्ह्यातील जुनी माणसे आजही बोलून दाखवतात. त्या पराभवाची भरपाई पुतळ्यांच्या उंचीने होणार नाही. आपल्या वस्तीतले प्रत्येक पोर पोटभर खाऊन, न रडता, वेळेवर शाळेच्या पायरीवर पोहोचले आणि त्याची थोरली बहीण त्याच्या शेजारी आपल्या वर्गात बसली, तर काही अंशी होईल.

तेव्हा बांधवांनो, उद्या सकाळी चहाटपरीवर जाण्याआधी एक घागर भरा. पोराच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला उठवा. त्या अर्ध्या तासात तुमच्या घरची बाई शांतपणे दोन घास खाऊन ट्रॅक्टरवर चढेल. चळवळीचे कामच समजून ते करा.

जयभीम!